अथर्वशीर्ष पाठ आहे, पण घराचा पत्ता चुकतो

ताई, नमस्कार.

आम्ही बडोद्याचे. सासूबाई ७६ वर्षांच्या, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. दांडिया बाजारातला वाडा पाडला तेव्हा, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी, आम्ही मांजलपूरला फ्लॅटमध्ये आलो. सासूबाईंनी जन्मभर दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. कोणाच्या चकल्या दोन किलो, कोणी आगाऊ पैसे दिले, कोणाची बाकी राहिली, वीस-बावीस घरांचा हिशेब तोंडी.

दोन वर्षांपासून त्यांना विसरायला होतंय. एकच गोष्ट चारदा सांगतात. गेल्या गौरींना पुरणात गूळ घालायचाच राहिला, आणि चव घेऊनही कळलं नाही. शिमग्याच्या सुमारास खंडेराव मार्केटातून एकट्याच रिक्षाने निघाल्या आणि रिक्षावाल्याला दांडिया बाजारचा पत्ता दिला. वाड्याच्या जागी आता कॉम्प्लेक्स आहे. त्याच्या पायरीवर तासभर बसून होत्या. खालच्या झेरॉक्सवाल्याने ओळखलं आणि ह्यांना फोन केला.

मग डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुजरातीतून विचारलं. आजची तारीख कोणती, जिल्हा कोणता, शंभरातून सात वजा करत जा, हे दोन पंचकोन तसेच काढा. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. तीसपैकी पंधरा आले. चिठ्ठीवर ‘डिमेन्शिया’, म्हणजे स्मृतिभ्रंश, लिहिलं, रोज रात्री एक गोळी, सहा महिन्यांनी या. बारा-तेरा मिनिटांत आम्ही बाहेर. घरी येऊन त्या रडल्या. “मला वेडी ठरवून आणलंत,” म्हणाल्या. आणि त्याच संध्याकाळी देवापुढे बसून अख्खं अथर्वशीर्ष म्हटलं, फलश्रुतीसकट, एक अक्षर न चुकता.

ह्यांचं म्हणणं, वय झालं. पुण्याच्या वन्सं म्हणतात, “माझ्याशी फोनवर छान बोलते, तुम्हीच तिला आजारी करताय.” मला वाटतं काहीतरी बिनसलंय. पण चौथी शिकलेल्या बाईची अशी परीक्षा घ्यायची असते का? आजार आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

— एक सून, मांजलपूर

वहिनी,

तुमच्या पत्रातून मी तीन गोष्टी काढून बाजूला ठेवल्या: अथर्वशीर्ष, तीसपैकी पंधरा आणि ती रिक्षा. तुमच्या घरातला वाद पहिल्या दोहोंवर चाललाय. घरचे अथर्वशीर्ष धरून बसलेत, डॉक्टर पंधरा धरून. माझ्या डोळ्यांपुढून मात्र कॉम्प्लेक्सच्या पायरीवर बसलेल्या सासूबाई हलत नाहीत.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. तीस वर्षं दवाखान्यात समाजसेविका होते. डॉक्टरांचं बोलून झालं की नातेवाईक बाहेरच्या बाकावर येऊन जिला “ते काय म्हणाले हो?” असं विचारतात, ती बाई. त्या बाकावर जे शिकले तेवढंच माझ्याकडे आहे.

अथर्वशीर्षाचं उरकून टाकते. लहानपणी पाठ केलेलं आणि हजारो वेळा म्हटलेलं फार खोल मुरलेलं असतं. अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियामागचा सगळ्यांत नेहमीचा आजार, आधी हात घालतो तो ताज्या आठवणींना. सकाळी काय खाल्लं, काल कोण येऊन गेलं, औषध घेतलं की नाही. मग तो पुसत पुसत मागे जातो. एका आजोबांना मी पाहिलंय, पोटच्या मुलाला “आपण कुठले?” विचारायचे आणि पावकी-निमकी मात्र घडाघडा म्हणायचे. त्यामुळे स्तोत्र आलं म्हणून डोकं शाबूत, असा हिशेब करू नका. मांजलपूर पुसट होऊन दांडिया बाजार वर येणं हे त्याच चालीचं आहे.

वन्संच्या फोनचंही तसंच. “कशी आहेस, जेवलीस का, पाऊस पडला का” ही दहा मिनिटं पार पाडायला फार काही आठवावं लागत नाही. रीतभात बराच काळ टिकते. वन्सं खोटं बोलत नाहीत, त्यांना तेवढंच ऐकू येतं.

आता ते पंधरा मार्क.

तुम्ही लिहिलेत ते प्रश्न मी ओळखते. ती परीक्षा १९७५ साली अमेरिकेत, फोलस्टीन दांपत्य आणि त्यांचे एक सहकारी अशा तिघांनी तयार केली. मानसोपचाराच्या वॉर्डात खाटेशेजारी उभं राहून पाच-दहा मिनिटांत घेता यावी म्हणून. मूळ कागदात शंभरातून सातला पर्याय म्हणून ‘वर्ल्ड’ या शब्दाची स्पेलिंग उलटी म्हणायची असते. एक वाक्य लिहायचं असतं. एक वाक्य तर असं आहे की ते फक्त इंग्रजीतच जिभेला अडतं, भाषांतर केलं की त्यातली अडचणच निघून जाते. सोपी होती म्हणून जगभर पसरली. पुढे तिच्यावर कॉपीराइट बजावला जाऊ लागला आणि वापराचे पैसे पडू लागले, तोवर ती प्रत्येक ओपीडीच्या टेबलावर पोचलेली होती. शाळा कमी झालेल्या माणसाला त्यात मार्क कमी पडतात, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. मांट्रियलला तयार झालेली दुसरी एक चाचणी तर कमी शिकलेल्यांना सरळ एक मार्क वाढवून देते. एक मार्क! बारा वर्षं शाळा झालेल्यालाही एक आणि चौथी झालेल्यालाही एकच.

या गोष्टीवर आपल्या देशात काम झालेलं आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतून, जिथे बहुतेक म्हातारी माणसं निरक्षर होती, तिथे १९९० च्या दशकात हीच परीक्षा हिंदीत नव्याने बांधली गेली. शंभरातून सातऐवजी वीसमधून तीन. जिभेला अडणाऱ्या इंग्रजी वाक्याऐवजी ‘ना ये, ना वो’ अशा धर्तीचं बोलीतलं वाक्य. लिहा-वाचा असं जिथे जिथे होतं, तिथे तोंडी किंवा करून दाखवण्यासारखं काहीतरी. भाषांतर करणं आणि नव्याने बांधणं यात केवढा फरक असतो, ते त्यात दिसतं. अलीकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मोठा चाचणीसंच केला. पहिल्या खेपेस त्यात पाच भाषा होत्या: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी नव्हती. गुजरातीही नव्हती. मराठीत इतर चाचण्या आहेत, पण बडोद्यातल्या एखाद्या दवाखान्याच्या खणात त्या असतीलच असं नाही.

तुमच्या सासूबाईंवर तर दोन थर चढले. परीक्षा शाळा शिकलेल्यांसाठीची आणि भाषा परकी. तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं बडोद्यात राहून गुजराती परकी कशी? भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी त्या फर्डं गुजराती बोलत असतील. पण घाबरलेलं माणूस आकडे मोजतं ते आईच्या भाषेत. शिवाय ‘आज तारीख कोणती’ या प्रश्नाला त्यांच्या आयुष्यात फारसा अर्थच नसेल. आज तिथी कोणती, चतुर्थी कधी, प्रदोष कधी, हे विचारलं असतं तर? आणि चौथीचं म्हणाल, तर हे गाव सयाजीरावांचं. १९०६ सालीच संस्थानभर शिक्षण सक्तीचं झालं होतं, मुलींनाही. इथल्या मराठी शाळेतली जुनी चौथी आणि कुठल्याही आडगावातली नावापुरती चौथी कागदावर सारखीच दिसते. कागदाला बावीस घरांचा हिशेब दिसत नाही.

म्हणजे परीक्षा चुकली, सासूबाई ठणठणीत? इतक्या घाईने वन्संना फोन करू नका.

शंभरातून सात त्यांनी केलं नाही, ठीक. आता असं पाहा. शंभराची नोट दिली, सात रुपयांची कोथिंबीर घेतली, परत किती? हे परीक्षा म्हणून विचारू नका. बाजारात बरोबर जा आणि पाकीट त्यांच्या हातात द्या. त्यांना ते चटकन जमलं तर त्या पंधरातले काही मार्क नुसत्या शाळेमुळे गेले. पण तीन वर्षांपूर्वी ज्या बाईने अनारशांचे पैसे चकल्यांच्या पैशांतून तोंडी वळते केले, ती आज नोट हातात धरून भाजीवाल्याकडे नुसती बघत राहिली, तर मग डॉक्टरांची भाषा चुकली असेल पण संशय चुकलेला नाही. माणसाची तुलना त्याच्याच कालच्या स्वतःशी करायची असते, आणि ती तुलना डॉक्टरांना बारा मिनिटांत करता येत नाही. ती तुमच्याकडे आहे.

पुरणाचंच घ्या. एखाद्या वर्षी गूळ राहून जातो, सणाच्या घाईत माझाही राहिलाय. राहिलाय हे चव घेऊनही कळलं नाही, हे मात्र मला खटकतं.

तुम्ही एकट्या नाही आहात हे सांगण्याची पद्धत असते. मी आकडेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात साडेपाच कोटींहून जास्त लोकांना डिमेन्शिया आहे, आणि दर वर्षी सुमारे एक कोटींची भर पडते. अल्झायमर संघटनांच्या जागतिक महासंघाने २०२१ साली अंदाज दिला की यातल्या चारांपैकी तिघांचं निदानच झालेलं नाही. काही गरीब देशांत तर दहांतल्या नवांचं. आपल्याकडे साठीच्या पुढच्या शंभरांतल्या सातांहून थोड्या जास्त लोकांना हा त्रास असावा, म्हणजे सुमारे ८८ लाख, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीत आलं. यातल्या किती जणांकडे नुसती चिठ्ठी तरी असेल, मला शंका आहे.

आणि श्रीमंत देशांत सगळं आलबेल आहे म्हणाल, तर तसंही नाही. इंग्लंडमध्ये सरकारने उद्दिष्टच ठेवलं ते दोनतृतीयांश रुग्णांच्या निदानाचं. तिसऱ्याला गृहीतच धरलेलं नाही! घानाच्या उत्तर भागात चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या वेगळ्या वस्त्या आहेत, आणि त्यांतल्या काही जणी मुळात विसरभोळेपणाने आजारी असाव्यात असं तिथले मानसोपचारतज्ज्ञ सांगत आले आहेत. जपानमध्ये अडचण शब्दाची होती. या आजाराचं त्यांच्याकडचं जुनं नाव ‘मूर्खपणा’च्या जवळ जाणारं होतं, त्या नावाखाली कोण तपासायला येणार? २००४ साली सरकारने ते नाव बदलून आकलनाशी जोडलेलं नवं नाव रूढ केलं. आपण मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसतो, किंवा ‘म्हातारचळ’ म्हणून तोंड फिरवतो. सासूबाईंनी ‘वेडी’ शब्द कुठून आणला ते त्यांना विचारायची गरज नाही.

पण आपल्याकडचं निदान अडतं ते आणखी एका ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे तुमचं स्वयंपाकघर. रागावू नका.

डिमेन्शिया म्हणायला नुसतं विसरणं पुरत नाही. रोजचे व्यवहार अडायला लागले का, हे डॉक्टरांना ठरवावं लागतं. एकटी राहणारी मेम वीज-बिल भरायला विसरली की वीज कापली जाते आणि गोष्ट उघडी पडते. आपल्याकडे काय होतं? तुम्हीच आठवा. गॅस तुम्ही कधीपासून लावायला लागलात? गोळ्यांची डबी कोण भरतं? बँकेत बरोबर कोण जातं? फराळाच्या ऑर्डरी ‘आई, आता दगदग नको’ म्हणून कोणी बंद केल्या, आणि कोणत्या दिवाळीला? मला खात्री आहे, तुम्ही एकेक काम अलगद, त्यांचा मान राखून, काढून घेतलंत. चांगल्या सुना हेच करतात. पण मग डॉक्टरांनी “घरात काही अडचण?” असं विचारलं की तुमचे मिस्टर मनापासून सांगतात, “काही नाही, सगळं व्यवस्थित चाललंय.” चाललेलंच असतं. तुम्ही चालवता. सासूबाईंची आठवण तुमच्या डोक्यातून काम करतेय, म्हणून त्यांच्या डोक्यातली तूट कोणाला दिसत नाही.

तर आज रात्री एक वही घ्या. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या हातून कोणतं काम केव्हा सुटलं आणि का सुटलं, ते लिहा. तारखा नसतील आठवत तर सणांनी लिहा, ‘त्या वर्षीच्या नवरात्रात’, ‘उत्तरायणानंतर’. हळूहळू वाढत गेलं, की एका दिवसात धाडकन खाली आलं आणि मग तिथेच थांबलं? दिवसादिवसाला फार खालीवर होतं का? पडल्या होत्या का, डोक्याला लागलं का? नसलेली माणसं दिसतात का? संशय घेतात का, बांगडी चोरली वगैरे? चालताना पाय ओढतात का, लघवीवरचा ताबा? यातल्या प्रत्येक उत्तराने डॉक्टर वेगळ्या दिशेला वळतात. चिठ्ठीवर नुसतं ‘डिमेन्शिया’ लिहिणं म्हणजे नुसतं ‘ताप’ लिहिण्यासारखं. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा, ते शोधायचं असतं. दहांपैकी सहा-सात जणांत मागे अल्झायमर असतो, उरलेल्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांपासून बरंच काही.

आणि काहींच्या मागे असं काहीतरी असतं जे दुरुस्त होतं.

हे माझ्या घरचं सांगते. माझी आत्या, ऐंशीची. एका वैशाखात मोरीत घसरली. डोक्याला टेंगूळ आलं, हळद लावली, झालं. महिनाभराने ती गोंधळायला लागली. दुपारी सडा घालायला उठायची, माझ्या वडिलांना काका म्हणायची. ज्यांना दाखवलं ते म्हणाले, वय आहे, असंच चालायचं. मी स्वतः दवाखान्यात नोकरीला असूनही मान डोलावली. पुढे डावा पाय लटपटायला लागला म्हणून स्कॅन केला, तर कवटीच्या आत रक्त साकळलेलं. ते काढल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याने मला विचारलं, “दुधाचे पैसे दिलेस का ग?” सगळ्यांच्या नशिबात असं नसतं. बहुतेकांच्या नसतं. पण तपासल्याशिवाय ते कळणार कसं?

तुम्ही पत्रात रक्ततपासणीचं काही लिहिलं नाहीत. झालीच नसेल तर निदान अर्धवट आहे. बी बारा, थायरॉइड, सोडियम, साखर, किडनी आणि लिव्हर, आणि डोक्याचा एक सीटी किंवा एमआरआय, एवढं कोणीही सांगेल. बी बाराचं मी अंमळ जोरात सांगते, कारण घर शाकाहारी असेल तर ते मुळातच कमी मिळतं. त्यात वर्षानुवर्षं साखरेची मेटफॉर्मिनची गोळी किंवा पित्ताची गोळी चालू असेल, तर शरीरात बी बारा आणखी कमी होतं. त्यांच्या सगळ्या गोळ्या, सर्दीच्या, झोपेच्या, लघवीच्या, वन्संनी पुण्याहून पाठवलेल्या आयुर्वेदिक पुड्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओता. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूवर धुकं आणतात. कान तपासा. नीट ऐकू न आलेला प्रश्न चुकला तरी मार्क जातात, आणि ऐकू कमी येणं हे या आजाराच्या टाळता येण्यासारख्या कारणांत धरलं जातं. मन उदास असेल तरी माणूस विसरतं. सासरे गेल्यावर आणि फराळ बंद झाल्यावर त्यांचा दिवस कसा जातो, हेही वहीत लिहा.

दुसऱ्यांदा दाखवाल तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मोठ्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दोघंही एका छताखाली मिळतात. जाण्याआधी विचारून ठेवा, चाचणी मराठीतून घेणारं कोणी आहे का. बडोद्यात मराठी मानसशास्त्रज्ञ अगदीच दुर्मीळ नाहीत. नसलंच कोणी, तर हे काम वन्संना द्या. पुण्यात मराठीतून चाचण्या घेणारे सापडतील, व्हिडिओवरून किंवा प्रत्यक्ष. आणि त्यासाठी सासूबाईंना तिकडे नेण्याऐवजी वन्संनाच आठ दिवस इथे बोलवा. फोनवर नको, मुक्कामाला. तिसऱ्या दिवशी त्या तुमच्या बाजूच्या होतील.

सकाळची वेळ घ्या, नाश्ता झालेला असू द्या, चष्मा बरोबर. चाचणी चालू असताना तुम्ही खोलीबाहेर. आत राहिलात तर तोंड बंद, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. आपली माणसं काय करतात, “आई, सांगा ना, गणपती आत्ताच नाही का गेले? मग महिना कोणता?” अशाने मार्क वाढतात आणि कोणाचंच भलं होत नाही. तुम्हाला जे सांगायचं ते डॉक्टरांना वेगळं, सासूबाईंच्या माघारी सांगा. तुमचा पुरणाचा किस्सा त्यांच्या देखत सांगितलात तर त्या पुन्हा तुमच्याबरोबर रिक्षात बसणार नाहीत.

रात्रीची गोळी मनाने बंद करू नका. तिचं नाव मला कळवा असंही म्हणणार नाही, ते डॉक्टरांना विचारा. कशासाठी आहे, किती दिवस बघायचं, आणि चक्कर, मळमळ, जुलाब झाले तर काय करायचं. या गोळ्या आजार परतवत नाहीत, काहींना काही काळ थोडं सावरून धरतात. अमेरिकेत २०२३ आणि २०२४ साली मान्यता मिळालेल्या सुयांबद्दल तुम्हाला कोणी व्हॉट्सॲपवर पाठवेल. त्या अगदी सुरुवातीच्या अल्झायमरसाठी आहेत, मेंदूत अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचा साठा आहे हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा एमआरआय करून मेंदूत सूज किंवा रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. बी बारा तपासायच्या आधी त्यांची चौकशी करू नका.

सासूबाईंना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. ‘डिमेन्शिया’ म्हणायची घाई नको आणि ‘काही झालं नाही’ हेही नको. “आई, अलीकडे विसरायला होतंय ना? तुम्हालाही जाणवतं. कशामुळे होतंय ते शोधतोय, काही कारणं औषधाने बरी होतात.” यात खोटं काहीच नाही. जाणवत असेल त्यांना. पायरीवर तासभर बसल्या तेव्हा काहीतरी उमगलं असेलच.

निदान पक्कं झालं तर त्याचा एक उपयोग असा, की त्यांचं म्हणणं त्यांना स्वतःला सांगून ठेवता येतं. मृत्युपत्र, खात्यावरचं नॉमिनी म्हणून नाव, दागिने कोणाला, हे आज त्या सांगू शकतात. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. वकिलाला हे आत्ताच विचारा. मिस्टर म्हणतील, आईच्या देखत मृत्युपत्राचं कसं काढायचं? जिने बावीस घरांच्या उधाऱ्या वसूल केल्या, तिला तो विषय तुमच्यापेक्षा सोपा जाईल.

तुमच्यासाठी दोन नंबर. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस १४४१६. दुसरा तुमच्याकरता आहे, सासूबाईंकरता नव्हे. रात्री दोनदा उठून दाराची कडी बघता का? पत्रात लिहिलेलं नाहीत, पण बघत असणार.

आणि हे उद्याच करा, डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, त्यावर त्यांचं नाव, मांजलपूरचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहा. प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांच्या बटव्यात, पैशांच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे रिक्षाचे पैसे काढताना हाताला लागेल. एक प्रत त्या झेरॉक्सवाल्याकडे देऊन ठेवा, त्याचे आभारही माना. आणि कार्ड मराठीत लिहू नका. गुजरातीत लिहा. वाचायचंय ते रिक्षावाल्याला.